धागा: जुन्या आलिशान मोटारींचे पाटे किती टिकतील हे तेव्हा कसं तपासायचे? रोल्स-रॉईसचं बंपिंग मशीन आणि बाकी बरंच काही

जुनीगाडी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. विंटेज गाड्यांचा विषय निघाला की आपण इंजिनावर बोलतो, बॉडीवर बोलतो, महाराजांच्या किश्शांवर तर तासन्तास बोलतो, पण दोन टनांची गाडी ज्यांच्यावर उभी असते त्या पाट्यांबद्दल (लीफ स्प्रिंग, म्हणजे एकावर एक बांधलेल्या पोलादी पट्ट्या; एकेका पट्टीलाही पाटाच म्हणतात) कुणी अवाक्षर काढत नाही, म्हणून हा धागा.

सुरुवात सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टीपासून करतो. १९०७ साली रोल्स-रॉईसने ४०/५० मॉडेलची एक चंदेरी गाडी, हीच ती मूळ सिल्व्हर घोस्ट, लंडन ते ग्लासगो अशी पुन्हा पुन्हा पळवली. रविवार सोडून रात्रंदिवस, रॉयल ऑटोमोबाइल क्लबचे निरीक्षक गाडीत बसवून, एकूण १५,००० मैल. गाडी नाइलाजाने थांबली ती एकदाच, ६२९ मैलांवर. इंजिन बिघडलं नव्हतं, टायरही फुटला नव्हता, हादऱ्यांनी पेट्रोलची तोटी हळूहळू फिरून आपोआप बंद झाली होती. त्यानंतरचे १४,३७१ मैल एकही तसा थांबा नाही. मग क्लबने गाडी सुटी करून प्रत्येक भाग मोजला आणि पुन्हा नव्यासारखी करायला लागणाऱ्या भागांचं बिल निघालं दोन पौंड दोन शिलिंग सात पेन्स.

लोक या गोष्टीतलं बिल लक्षात ठेवतात, मला मात्र ती तोटी महत्त्वाची वाटते. कारण त्या काळच्या मोटारीचा खरा शत्रू वेग नव्हता, हादरा होता. रस्ते घोडागाडीसाठी केलेले, टायर अरुंद आणि टणक हवेचे, शॉक अॅब्सॉर्बर असले तर घर्षणाच्या चकत्यांचे. म्हणजे रस्त्याचा प्रत्येक मार थेट पाट्यावर आणि पाट्यातून चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर.

कंपनीचा सहसंस्थापक आणि इंजिनिअर हेन्री रॉईस याला हे फार लवकर कळलं होतं. इंग्लंडमधल्या डर्बीचा कारखाना १९०८ मध्ये सुरू झाला आणि तिथे पुढे त्याने बंपिंग मशीन उभं केलं. पूर्ण चासी जागच्या जागी बांधून ठेवायची, चाकांखाली उंचवटे असलेले ड्रम फिरवायचे आणि गाडी एक इंचही पुढे न जाता तिला सतत आदळत ठेवायचं. काय आधी तुटतं ते बघायचं, तो भाग सुधारायचा, परत आदळायचं. हिशेब करून बघा, ड्रम मिनिटाला १०० फेरे फिरतोय आणि प्रत्येक फेऱ्याला एक दणका आहे असं धरलं तरी तासाला ६,००० दणके होतात. रस्त्यावर एवढे मोठे दणके गोळा करायला किती मैल जावं लागेल!

माझं म्हणणं एवढंच आहे की रॉईसचं मोठेपण चांगलं पोलाद वापरण्यात जितकं आहे त्याहून जास्त या मशीनमध्ये आहे. पाट्याची परीक्षा ताकदीची नसते, फेऱ्यांची असते हे त्याला समजलं होतं. इथे धातूवाले, गॅरेजवाले, टेस्टिंगवाले बरेच आहेत, लिहा सविस्तर.

धातुवेडा

मस्त विषय काढलात. फेऱ्यांची परीक्षा हे वाक्य एकदम बरोबर आहे, थोडी मागची गोष्ट सांगतो.

लोखंडाची तार एकदा वाकवली तर तुटत नाही पण दहा-वीस वेळा इकडून तिकडे वाकवली की तुटते हे आपल्याला लहानपणीच कळतं. याचं शास्त्र प्रशियाच्या रेल्वेतल्या ऑगस्ट व्होलर या इंजिनिअरने केलं. रेल्वेचे आस (चाकं जोडणारे दांडे, अॅक्सल) अचानक मोडायचे, भार तर मर्यादेच्या कितीतरी आत असायचा. त्याने मशीनवर हजारो लाखो वेळा नमुने वाकवून दाखवलं की धातू किती फेरे टिकेल हे एका फेऱ्यातला ताण किती वरखाली होतो त्यावर ठरतं, आणि पोलादात एक पातळी अशी येते की तिच्या खाली ताण ठेवला तर नमुना मोडतच नाही. हे सगळं १८७० पर्यंत छापून आलेलं होतं. म्हणजे मोटारी आल्या तेव्हा धातूच्या या थकव्याचं (फटीग) ज्ञान तयार होतं, मोटारवाल्यांपैकी फार थोड्यांनी ते मनावर घेतलं एवढंच.

आता पाटा नेमका कुठे तुटतो. नेहमीच्या अर्धलंबवर्तुळी पाट्यात दोन्ही टोकं चासीला आणि मध्ये आस. रस्ता आसाला वर ढकलतो, चासी टोकांना खाली दाबते, त्यामुळे प्रत्येक पाट्याची वरची बाजू ताणली जाते आणि खालची दाबली जाते. तडा ताणलेल्या बाजूला सुरू होतो, आणि तोही कुठेही नाही. ठरलेल्या जागा आहेत. सगळे पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचं भोक, पाटा आसाला आवळणारा यू-बोल्ट जिथे संपतो ती कड, मेन म्हणजे सगळ्यात वरच्या लांब पाट्याचा डोळा (टोकाची गोल वळवलेली कडी), आणि खालच्या आखूड पाट्याचं टोक जिथे वरच्या पाट्यावर घासतं तिथे. शेवटची जागा सगळ्यात फसवी, कारण बाहेरून दिसत नाही. घासून घासून पृष्ठभाग खडबडीत होतो, त्यात गंज शिरतो आणि तिथून केसाएवढी चीर आत जायला लागते.

अजून एक गोष्ट. भट्टीत पाटा तापवताना वरच्या थरातला कार्बन जळून जातो, म्हणजे सगळ्यात जास्त ताण जिथे येतो तोच थर सगळ्यात मऊ. पाट्याच्या वरच्या बाजूवर बारीक छऱ्यांचा मारा करून ती दाबलेल्या अवस्थेत ठेवायची युक्ती, ज्याला आपण शॉट पीनिंग म्हणतो, ती १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये जॉन आल्मेनच्या कामामुळे रुळली. सिल्व्हर घोस्टच्या काळात ती सोय नव्हती. तेव्हा पाटा टिकवायचा तर ताण कमी ठेवा, म्हणजे पाटा लांब करा, पृष्ठभाग स्वच्छ ठेवा आणि मध्ये वंगण ठेवा, एवढेच उपाय हातात होते.

पाटेवाला_कोल्हापूर

धातुवेडा दादा तुम्ही जे सांगितलं ते आम्ही रोज हातात बघतो. आमचं ट्रकचे पाटे बनवायचं आणि दुरुस्तीचं काम, वडिलांपासून चालत आलेलं. तुटून आलेला पाटा बघितला की आधी तुटलेली बाजू पुसून बघायची, एक भाग काळपट गुळगुळीत असतो आणि बाकीचा चकचकीत दाणेदार. काळा भाग म्हणजे जुनी चीर, ती कित्येक महिने चालत आलेली असते, आणि चकचकीत भाग त्या दिवशी एका खड्ड्यात गेलेला. गिऱ्हाईक म्हणतं काल खड्ड्यात तुटला, पण पाटा सांगतो की मी तर केव्हापासून तुटत होतो.

आता टेस्टिंगबद्दल. पाटे लाल करून तेलात पाणी देतात, म्हणजे तेलात बुडवून एकदम थंड आणि कडक करतात, मग टेम्परिंग, म्हणजे परत थोडं तापवून ठिसूळपणा घालवतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण गोलाईतलं गणित कमी लोकांना माहीत असतं. मेन पाट्यापेक्षा खालचा पाटा जरा जास्त गोल, त्याच्या खालचा अजून जास्त गोल असे करतात. सुटे एकावर एक ठेवले तर मध्ये फट दिसते. सेंटर बोल्ट आवळला की फट मिटते आणि मेन पाटा आधीच उलट्या बाजूला थोडा वाकून बसतो. भार आला की आधी तो उलटा वाक निघून जातो, मग खरा ताण सुरू होतो. मेन पाटा तुटला तर आस सुटतो, म्हणून त्याला असं वाचवायचं. ही गोलाई बरोबर नसेल तर कितीही भारी पोलाद आणा, पाटा टिकणार नाही.

आणि शेवटी स्क्रॅगिंग. तयार पाटा प्रेसखाली घालून गाडीत कधीच येणार नाही एवढा खाली दाबायचा, सोडायचा, परत दाबायचा. पहिल्या दाबाला तो थोडा बसतो, त्याची उंची कमी होते. नंतरच्या दाबाला बसता कामा नये. अजून बसत असेल तर टेम्परिंग चुकलं, माल बाजूला. यात वरच्या थराला फायद्याचा दाबही मिळतो. हे आमच्यासारख्या छोट्या शेडमध्ये पण होतं आणि मोठ्या कारखान्यात पण. पण जुनीगाडी साहेब, स्क्रॅगिंगने पाटा बसेल का हे कळतं, किती वर्षं चालेल हे नाही कळत. त्याला तुमचं ते आदळायचं मशीनच पाहिजे.

शंकासुर

एक बेसिक प्रश्न. सिल्व्हर घोस्टला मागे उलटे पाटे असतात ना? फोटोत पाटा मधोमध चासीला धरलेला दिसतो आणि आस टोकाला. ते टिकाऊपणासाठी होतं की आरामासाठी?

जुनीगाडी

@शंकासुर, तो कॅन्टिलिव्हर पाटा. सुरुवातीच्या ४०/५० ला मागे प्लॅटफॉर्म पद्धत होती, म्हणजे दोन उभे पाटे आणि त्यांना मागून जोडणारा एक आडवा पाटा. मग तीन-चतुर्थांश लंबवर्तुळी आले आणि साधारण १९१२ पासून कॅन्टिलिव्हर. यात पाट्याचं बरंचसं वजन चासीवर जातं, आसाबरोबर उडणारं वजन कमी होतं. लँचेस्टर कंपनी कॅन्टिलिव्हर पाटे कितीतरी आधीपासून वापरत होती. फ्रेडरिक लँचेस्टरचा विचारच वेगळा होता, गाडीचं वरखाली होणं माणसाच्या चालण्याच्या लयीशी जुळलं पाहिजे म्हणजे शरीराला त्रास होत नाही असं तो मानायचा.

गणित सोपं आहे. गाडीच्या वजनाने पाटा किती दबतो त्यावर लय ठरते. १० सेंटिमीटर दबत असेल तर मिनिटाला साधारण ९५ हेलकावे, जवळपास चालण्याचीच लय. ५ सेंटिमीटरच दबत असेल तर मिनिटाला १३४, ते अंगाला बसतं. २५ सेंटिमीटर दबला तर ६०, एकदम पाळणा. पण मऊ पाटा म्हणजे जास्त वाकणारा पाटा, आणि टिकवायचा तर तो लांब करावाच लागतो, म्हणून आलिशान गाड्यांचे पाटे एवढे लांब. आराम आणि टिकाऊपणा वेगळे करताच येत नाहीत.

सह्यकडा

कोल्हापूरचा उल्लेख आला म्हणून लिहितेय, आपल्याकडची ही गोष्ट या धाग्यात यायलाच हवी. १९०८ साली मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची चाचणी झाली होती, ६२० मैल म्हणजे जवळजवळ हजार किलोमीटर, वाटेत सहा घाट. त्यात एक ४०/५० रोल्स-रॉईस उतरली होती, तिचं नाव पर्ल ऑफ द ईस्ट. तिने ती चाचणी जिंकली आणि नंतर ती ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी विकत घेतली. भारतातल्या राजघराण्यांमध्ये रोल्सचं जे वेड पसरलं त्याच्या मुळाशी ही घाटांमधली धाव आहे असं मला मनापासून वाटतं.

आता विचार करा, लंडन-ग्लासगो रस्ता आणि आपला घाट यात पाट्याच्या दृष्टीने केवढा फरक. घाट उतरताना सगळं वजन पुढे येतं, वळणावर बाहेरच्या बाजूचा पाटा दबतो आणि आतला उघडतो. एका वळणाला डावा, पुढच्याला उजवा, सतत. वर खडी-मुरमाचा रस्ता, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. म्हणून माझा एक मुद्दा आहे जुनीगाडी, बंपिंग मशीन कितीही चांगलं असलं तरी ड्रमवर जे उंचवटे बसवलेत त्याच रस्त्याची परीक्षा ते घेतं. घाट त्या ड्रमवर नव्हता.

उसगावकर

सह्यकडाताईंचा मुद्दा अगदी खरा आहे आणि त्याचा पुरावा माझ्या इथल्या राज्यातच आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये स्प्रिंगफील्ड गावात १९२१ ते १९३१ रोल्स-रॉईसचा कारखाना होता, १,७०१ सिल्व्हर घोस्ट इथे बनल्या. तिथे मॉरिस ओली नावाचा इंजिनिअर होता, रॉईसच्या हाताखाली तयार झालेला. त्याचा अनुभव असा की इंग्लंडमध्ये जी गाडी लोण्यासारखी चालायची तीच अमेरिकेच्या रस्त्यांवर प्रवाशाला धड वाटायची नाही. गाडी तीच, पाटे तेच, रस्ता वेगळा.

यातून डर्बीमध्ये फार मोलाचं काम झालं. गाड्या वरून टांगून झुलवून त्यांचं जडत्व मोजलं, पुढचे पाटे किती कडक आणि मागचे किती कडक हे आकड्यात आणलं. १९३० मध्ये ओली कॅडिलॅक या अमेरिकन आलिशान मोटार कंपनीत गेला आणि तिथे त्याने डर्बीसारखंच बंप रिग उभं करवलं. १९३२ मध्ये एक मोठी लिमुझिन घेऊन तिच्यावर पुढेमागे सरकवता येणारी वजनं लावली आणि वेगवेगळ्या वजनांवर माणसं बसवून फिरवली. निष्कर्ष असा आला की पुढचे पाटे मागच्यांपेक्षा मऊ हवेत, तर गाडी सपाट चालते. तोपर्यंत सगळे बरोबर उलटं करायचे, पुढे कडक आणि मागे मऊ, म्हणूनच मागच्या सीटवरची मंडळी उडायची.

पण पुढचे पाटे एवढे मऊ केले तर आख्खा पुढचा आस हेलकावायला लागतो, ब्रेक मारला की पाटा पिळवटतो, स्टिअरिंग थरथरतं. म्हणजे पाटा दोन कामं करत होता, वजन उचलणं आणि आस जागेवर धरणं, आणि दुसऱ्या कामासाठी त्याला कडक राहणं भाग होतं. त्यातूनच १९३४ च्या कॅडिलॅकला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन (प्रत्येक चाक आपापलं वरखाली होणारं) आणि कॉइल स्प्रिंग आली. पुढच्या पाट्याला निवृत्त करणारं ज्ञान पाट्याच्याच तपासणीतून आलं, हे मला या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात सुंदर वळण वाटतं.

जुनीगाडी

सह्यकडा, उसगावकर, तुमचा मुद्दा मान्यच आहे आणि रोल्सलाही तो मान्य होता. १९२० च्या दशकात आणि पुढे त्यांच्या प्रायोगिक गाड्या फ्रान्समध्ये शाटोरू गावाला जायच्या, तिथे मुक्काम ठोकून प्रत्येक गाडीला १०,००० मैल पळवायचे आणि मग सुटी करून तपासायचे. म्हणजे मशीन आणि रस्ता दोन्ही.

पण मशीनची बाजू मी सोडणार नाही, कारण रस्त्यावर एका वेळी एकच भाग तुटतो आणि तो का तुटला हे नेहमी कळत नाही. मशीनवर तेच हादरे पुन्हा देता येतात. आणि ते मशीन पाट्यापुरतं नव्हतं हे विसरू नका. पाटा मजबूत केला तर मार पाट्याच्या ब्रॅकेटवर जातो, ब्रॅकेट मजबूत केलं तर चासीवर, म्हणून पूर्ण चासीच आदळायची.

याचं उदाहरण पहिल्या महायुद्धातल्या चिलखती रोल्स गाड्यांचं. सिल्व्हर घोस्टच्याच चासीवर पोलादी पत्रे आणि मशीनगनचा बुरूज, वजन चार टनांच्या आसपास, म्हणून पाटे जास्त मजबूत केले आणि मागे जोडचाकं लावली. टी. ई. लॉरेन्सच्या (हाच तो 'लॉरेन्स ऑफ अरेबिया') वाळवंटातल्या तुकडीत या गाड्या होत्या. १९१८ मध्ये त्या तुकडीतल्या एका रोल्सचा मागचा भाग बसला तेव्हा मोडलं होतं पाट्याचं ब्रॅकेट. दीड वर्षात त्या गाड्यांचा हा पहिलाच असा मोठा बिघाड. ड्रायव्हरने चासी जॅकवर उचलून लाकडाचे ठोकळे-फळ्या घालून ती बांधून घेतली आणि गाडी दमास्कसपर्यंत तशीच गेली. कारखान्याने कल्पनाही केली नसेल अशा जमिनीवर, कल्पनेपलीकडचं ओझं घेऊन एवढं चालणं ही माझ्या मते डर्बीच्या त्या आदळण्याची पुण्याई आहे.

चाकणचा_टेस्टवाला

खूप छान चर्चा. मी टेस्टिंगमध्येच आहे म्हणून आज हे कसं होतं ते सांगतो, म्हणजे सह्यकडाताईंच्या घाटाचं काय झालं ते कळेल.

आता आधी गाडीवर स्ट्रेन गेज (ताण मोजणाऱ्या छोट्या पट्ट्या) चिकटवतात, पाट्यावर, ब्रॅकेटवर, आसावर, आणि ती गाडी खऱ्या रस्त्यावर फिरवतात, त्यात घाट असतो, खराब गावरस्ता असतो, हायवे असतो. प्रत्येक क्षणाचा ताण नोंदला जातो. मग त्या वेड्यावाकड्या नोंदीतून लहानमोठे फेरे मोजून वेगळे काढतात, ही पद्धत जपानच्या तात्सुओ एंडो यांनी १९६८ मध्ये मांडली, रेनफ्लो म्हणतात तिला. त्यातून कळतं की नुकसान कुठल्या दणक्यांनी होतंय. जे फेरे काहीच नुकसान करत नाहीत ते गाळून टाकायचे आणि उरलेला रस्ता चार हायड्रॉलिक खांबांवर गाडी उभी करून वाजवायचा, म्हणजे तेच हादरे तिला पुन्हा द्यायचे. पुण्यात एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत अशी सोय आहे. नगरजवळ व्हीआरडीई या संरक्षण खात्याच्या वाहन-संशोधन संस्थेचे टेस्ट ट्रॅक आहेत, तिथे मुद्दाम खडबडीत बांधलेल्या रस्त्यावरही चाचण्या होतात.

म्हणजे रॉईसच्या ड्रमवर उंचवटा कुणीतरी अंदाजाने बसवलेला होता, आज तो उंचवटा रस्त्यावरून मोजून आणतो. फरक एवढाच, आणि हा फरक छोटा नाही. पण सुट्या पाट्याची टेस्ट मात्र अजूनही व्होलरची आहे, पाटा रिगवर लावायचा, ठरलेला कमीजास्त भार देत राहायचं, लाखाच्या वर फेरे जाऊ द्यायचे आणि कुठे तुटतो ते बघायचं. एकाच पाट्यावरून निकाल कधीच द्यायचा नाही, कारण एकाच भट्टीतल्या दोन पाट्यांच्या आयुष्यात दुपटीचा फरक सहज पडतो.

शंकासुर

सगळ्यांचे आभार, खूपच शिकायला मिळालं. शेवटचं विचारतो. आमच्या ओळखीत एकांकडे १९२० च्या दशकातली मोठी गाडी आहे, पाटे मूळचे. ते म्हणतात पाटे शंभर वर्षं टिकलेत म्हणजे अजून शंभर टिकतील. हे बरोबर आहे का? आणि पाटे न तोडता तपासायचे कसे?

धातुवेडा

नाही हो, थकवा साठत जातो, तो परत जात नाही. गाडी उभीच होती म्हणून टिकली असेल तर फेरे कमी झालेत, पण गंज वाढलाय, आणि गंजाचा प्रत्येक खड्डा म्हणजे चिरेला आयती सुरुवात. पाटे सुटे करून साफ करा, एकेका पाट्याची मॅग्नेटिक पार्टिकल तपासणी (पाटा चुंबकित करून लोहकणांनी बारीक चिरा दाखवणारी) करून घ्या, सेंटर बोल्टच्या भोकाभोवती आणि आखूड पाट्याचं टोक जिथे टेकतं तिथे विशेष लक्ष द्या. चीर असेल तर वेल्डिंग अजिबात करू नका, तो पाटा बदला.

पाटेवाला_कोल्हापूर

दादांनी सांगितलंय त्यात एक भर. सुटे करण्याआधी गाडी सपाट जागेवर उभी करून दोन्ही बाजूंची उंची मोजून लिहून ठेवा आणि पाट्यांवर डावा-उजवा, पहिला-दुसरा अशा खुणा करा, नाहीतर परत बसवताना गोलाईची जोडी मोडते. परत बसवताना मध्ये ग्राफाइट ग्रीस लावा, जुन्या भारी गाड्यांना पाट्यावर चामड्याचं आवरण असायचं ते ग्रीस आत आणि धूळ बाहेर राहावी म्हणूनच, तुमच्याकडे असेल तर फेकू नका, शिवून घ्या. यू-बोल्ट मात्र जुने परत लावू नका, नवेच लावा, आणि थोडी गाडी चालवून झाली की पुन्हा एकदा आवळा. नवा पाटा करायची वेळ आली तर जुना तुटका सोबत घेऊन या, जाडी आणि गोलाई त्याच्यावरूनच घ्यावी लागते.